ठरलेला वार

समुद्राला वार कळत नाही, तिथी कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग लागतो म्हणजे पाण्याचा जोर उतरतो, आणि उरण-करंजापासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांचे पोट डोलीवर चालते त्यांचे कामाचे दिवस या हिशेबानेच ठरतात. डोल म्हणजे प्रवाहात तोंड उघडून उभे केलेले पिशवीसारखे जाळे. पाण्याला ओढ असेल तर मासळी त्यात शिरते. ओढ मंदावली की जाळे लुळे पडते. म्हणून डोलकराची मोकळीक आठवड्याने येत नाही, पंधरवड्याने येते, आणि ती कधी बुधवारी येते तर कधी रविवारी. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सात दिवसांनी त्याच घटकेला भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी असते. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जायला निघालेल्या माणसाला हे गणित लगेच समजते. त्याच किनाऱ्यावर थळच्या खत कारखान्यातला कामगार पाळीच्या घड्याळावर जगतो, शिक्षक रविवारच्या सुट्टीवर, आणि नागाव-काशीदला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या कुटुंबाला शनिवार-रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. एकाच आळीत चार घड्याळे चालू असतात. अशा ठिकाणी चार-सहा मित्रांनी ‘सोमवारी रात्री कॅरम’ असे ठरवायचे आणि वर्षानुवर्षे पाळायचे, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. चारही घड्याळांच्या वर एक पाचवे घड्याळ बसवण्याचा तो प्रयत्न असतो.

खेळाच्या रात्रींबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा खेळाबद्दल बोलतो. मला वाटते, त्यात महत्त्वाचा असतो तो वार. जिव्हाळा आहे म्हणून माणसे भेटतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भेटत राहिल्यामुळे जिव्हाळा टिकतो, आणि भेटत राहायला मनापेक्षा दिवसाचा आधार जास्त लागतो. पट, फळी, सोंगट्या, फासे हे सगळे त्या दिवसाचे निमित्त. निमित्त कमी प्रतीचे असते असे मात्र मी म्हणणार नाही. पण आधी वाराकडे पाहू. महिना चंद्राने दिला, वर्ष सूर्याने दिले, आठवडा मात्र आकाशात कुठेच नाही. तो माणसांनी आपसांत ठरवलेला आहे. आपल्याकडे तिथीची परंपरा फार जुनी. वाराचा उल्लेख असलेला, काळ नक्की ठाऊक असलेला पहिला भारतीय लेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखाकडे बोट दाखवतात. तो बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. 484 चा, आणि त्यातला वार गुरुवार आहे. ज्याच्यामागे ना भरती आहे ना ऋतू, असा हा सात दिवसांचा फेरा केवळ सगळ्यांनी मानला म्हणून दीड हजार वर्षे चालू आहे. मैत्रीही अशीच मानण्यावर चालते, म्हणून तिला तिथीपेक्षा वार जवळचा.

वार किती धरून ठेवू शकतो याचा सर्वांत मोठा पुरावा याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली, पोशाख बदलला, तोंडी मराठी आली, आडनावे रोहेकर, पेणकर, किहिमकर अशी गावांवरून पडली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिले ते त्यावरूनच, शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे दुसरे तेली ते सोमवार तेली. धर्मग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, शिकवायला बाहेरून कुणी येत नाही, अशा अवस्थेत कितीतरी पिढ्या गेल्या. सुंता, काही खाण्याचे नियम, ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवार एवढ्याच गोष्टी हातात उरल्या होत्या. पुढे बाहेरच्या यहुद्यांशी त्यांची गाठ पडली तेव्हा या उरलेल्या गोष्टींवरूनच ओळख पटली. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनॅगॉग आजही आहे. समाजातले बहुतेक लोक 1948 नंतर इस्रायलला गेले आणि तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढत राहिले. पवित्र शब्बाथ आणि मित्रांचा कॅरम यांना मी एका मापाने मोजत नाही. पण आठवड्यातला एक दिवस काम थांबवून एकत्र बसण्याची सवय लेखी आधाराशिवायही एका समाजाला तगवू शकली, तर चार माणसांच्या दोस्तीला ती नक्कीच पुरेल.

आता निमित्ताकडे येतो, कारण नुसता वार ठरवून भागत नाही. सोमवारी रात्री नुसते भेटायचे ठरवले तर तिसऱ्या-चौथ्या सोमवारी बोलायचे विषय संपतात. मग राजकारण निघते, मग जमिनीचे व्यवहार निघतात, आणि या किनाऱ्यावर जमिनीचा विषय निघाला की बैठक गढूळ होते. कॅरमची फळी हा प्रश्न सोडवते. खेळण्याची जागा साधारण 74 सेंटीमीटर लांब-रुंद, म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन माणसांत हातभराहून थोडे जास्त अंतर. वरून खाली सोडलेला एकच दिवा, त्याचा उजेड फळीपुरता. चेहरे अर्धवट सावलीत. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, मध्ये तांबडी राणी. कुणी स्ट्रायकर रेषेवर लावतो, बोटाने मागेपुढे सरकवतो, बोरिक पावडरची चिमूट टाकून तळव्याने पसरवतो, आणि तेवढा वेळ बाकीचे तिघे गप्प राहू शकतात. गप्प राहणे हेच इथे फार मोठे सुख आहे. ज्या माणसाला आज बोलायचे नाही त्याला न बोलता मित्रांत बसता येते, आणि ज्याला बोलायचे आहे तो सोंगटीवर नजर ठेवूनच ते बोलू शकतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून जे सांगता येत नाही, कर्ज, मुलाचे न जमलेले लग्न, आईचा आजार, ते राणीला कव्हर घेण्याच्या नादात सहज निघून जाते. जून-जुलैत जाळी सांधायला बसलेल्या माणसांचेही असेच असते. हात कामात, मान खाली, आणि बोलणे हळूहळू वाहत राहते. केंद्र सरकारच्या नियमाने पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, आणि वाडीतले बरेचसे बोलून घेणे याच दोन महिन्यांत होते. त्या दिवसांत दमट हवेने फळी जड होते, सोंगटी अर्ध्यात थांबते, म्हणून खेळाआधी दिवा लावून फळी कोरडी करतात. ती वाळेपर्यंतचा वेळही बैठकीचाच.

खेळ कोणता निवडला यानेही फरक पडतो. कॅरम चौघांत खेळताना भिडू समोर बसतो, शेजारी नाही. म्हणजे आपल्या बाजूचा माणूस सतत डोळ्यांसमोर असतो. जुन्या पचिसीतही तसेच होते. कापडी पटाच्या चार भुजा, कवड्यांचे दान, सोळा सोंगट्या, आणि समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. एकाच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी डाव जिंकला असे होत नसे. भिडूच्या पोचेपर्यंत विजय नाही. म्हणून पुढे गेलेला कधी मुद्दाम मागे रेंगाळत असे. 1896 साली इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन याच खेळाचा ‘लुडो’ झाला तेव्हा कवड्या गेल्या, फासा आला, आणि भिडूही गेला. चौघे एकमेकांचे शत्रू झाले. मला हा बदल कवड्या जाण्यापेक्षा मोठा वाटतो. घराघरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणारा ‘व्यापार’ त्याहून पुढे जातो. त्यात एकेकाचे दिवाळे काढून त्याला पटावरून उठवायचे असते, आणि उठवलेला पोरगा तासभर कोपऱ्यात रडवेला बसलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. जर्मनीत 1995 साली निघालेला ‘कॅटन’, जो हल्ली मुंबईकर मंडळी पेटीतून आवास-सासवणेच्या बंगल्यांत घेऊन येतात, त्यात मात्र शेवटपर्यंत कुणी बाहेर पडत नाही आणि इतरांशी देवघेव केल्याशिवाय पुढे सरकणे कठीण. म्हणजे जुन्या पटाला जे ठाऊक होते ते नव्या पटाने पुन्हा शोधून काढले. दर आठवड्याला त्याच माणसांशी खेळायचे असेल तर हरणाऱ्याला उठवून लावणारा खेळ कामाचा नाही.

पहिला आक्षेप ठरलेलाच आहे. पट मांडला की द्यूत आले, आणि द्यूताने काय होते हे सभापर्वात लिहिलेले आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही; पत्त्यांच्या आणि आकड्याच्या नादाने किनाऱ्यावरची कितीतरी घरे बसली आहेत, आणि आपला जुगारबंदीचा कायदा 1887 पासूनचा आहे तो उगाच नाही. पण सभापर्व नीट आठवले तर एक गोष्ट दिसते. द्रौपदीच्या वरांमुळे पांडव सुटतात, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात, आणि वाटेतूनच त्यांना परत बोलावले जाते. लगेच दुसरा डाव, अनुद्यूत. वनवास त्या दुसऱ्या डावाने येतो. जुगाराचे हेच लक्षण आहे. त्याला पुढचा आठवडा नसतो. हरलेले आत्ताच, याच बैठकीत परत मिळवायचे असते. ठरलेल्या वाराची शिस्त याच्या नेमकी उलट. दहा वाजले, उरलेले सोमवारी. हरलेल्याला घरी जावे लागते, सहा दिवस हरलेला म्हणून राहावे लागते, आणि सातव्या दिवशी गुण पुन्हा शून्यावरून सुरू. आपल्या पंचांगानेही खेळाला नुसती बंदी घातली नाही, दिवस नेमून दिला. दिवाळीच्या पाडव्याचे एक नाव द्यूतप्रतिपदा आहे. कोजागिरीच्या जागरणातही फासे खेळायला सांगितले आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. आणि रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यातल्या घारापुरीच्या लेण्यात, पूर्वेच्या बाजूला कैलासावर बसलेले शिव-पार्वती आहेत. पार्वतीची बसण्याची ढब शिवापासून वळल्यासारखी दिसते, आणि काही अभ्यासक तो डावावरून आलेला रुसवा म्हणून वाचतात. शिल्प फार भंगले आहे, त्यामुळे मी हे वाचन ठामपणे मांडत नाही. पण सहाव्या शतकातल्या शिल्पकाराने रुसवा कोरला असेल, तर उठून जाणे कोरलेले नाही, हेही तिथे दिसते. दोघे अजून बसलेले आहेत.

दुसरा आक्षेप आजचा आहे. हे सगळे फोनवर होते, मग फळी कशाला? ‘लुडो किंग’ नवी मुंबईतल्या कंपनीने 2016 साली काढले आणि 2020 च्या टाळेबंदीत ते घरोघर पोचले. त्याचे उपकार मी नाकारणार नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याचा मुलगा आखातात असतो, मुरूडचा जहाजावर असतो, त्याला आईबरोबर डाव टाकता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पैशाचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्याने बंद झाले तेही बरे झाले. पण फोनवरचा पट केव्हाही उपलब्ध असतो, आणि तिथेच तो कमी पडतो. जे केव्हाही करता येते ते माणूस एकट्याच्या सोयीने करतो. समोरचा अर्ध्यातून उठला तर त्याच्या जागी यंत्र खेळत राहते, आणि डाव अडत नाही. सोमवारच्या फळीवर भिडू उठून गेला तर डाव अडतो. अडणे हा दोष नाही. तुझ्यावाचून अडते, हे माणसाला कळण्याचा तो साधा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो, आणि तो पूर्ण खोडून काढता येत नाही. व्यायामशाळेतल्या, समाजमंदिरातल्या या रात्री पुरुषांच्या असतात. पुरुष फळीवर बसतात तेव्हा घरात भांडी पडलेली असतात. कोळीवाड्यात तर बाई पहाटे बंदरावर लिलावाला असते, दिवसभर टोपली घेऊन बाजारात बसते आणि परत येऊन चूल पेटवते. तिच्या आठवड्यात सोमवार रात्र कुठे बसणार? पण खेळच बायकांचा नाही असे कुणी म्हणत असेल तर ते आपल्याच परंपरेला धरून नाही. कवड्या, सागरगोटे, काचापाणी, चल्लस हे घरातलेच खेळ. तानाजीच्या पोवाड्यात जिजाऊ शिवरायांना सारीपाट खेळायला बसवतात, डाव जिंकतात आणि कोंढाणा मागून घेतात. इतिहास म्हणून हे कुणी मानू नये. पण ऐकणाऱ्यांना राजमाता पटावर बसलेली विचित्र वाटली नाही, एवढे त्यातून नक्की कळते. आणि आठवड्याच्या खेळाच्या रात्रीचे सर्वांत जुने, सर्वांत स्पष्ट मराठी रूप तर बायकांचेच आहे. मंगळागौर. श्रावणातला प्रत्येक मंगळवार, लग्नानंतरची पहिली काही वर्षे, रात्रभर जागरण आणि झिम्मा, फुगडी, पिंगा. ती काही जातींपुरती होती, आणि तिला पट नव्हता, हे खरे. पण सासरी नव्याने आलेल्या पोरीच्या वाट्याला खेळायला रात्र यायची तर ती ‘वेळ मिळाला की’ म्हणून आली नसती. कामे संपत नसतात, म्हणून वेळ मिळत नसतो. वार ठरला होता, त्यावर धर्माचे शिक्कामोर्तब होते, म्हणून सासूलाही ती रात्र सोडावी लागे. म्हणून मला उलट वाटते, की ठरलेल्या वाराची गरज पुरुषांपेक्षा बायकांना जास्त आहे. पुरुषाला फुरसत घेता येते. बाईला ती कुणीतरी मान्य केलेली असावी लागते. सोमवार पुरुषांचा असेल तर त्याच गावात एक दुसरा वार बायकांचा असावा, आणि त्या रात्री भांडी पुरुषांनी घासावीत. हे मी अगदी सरळ अर्थाने म्हणतो आहे.

राहिला ठरवून केलेल्या मैत्रीचा मुद्दा. मन झाले की भेटावे, दारात हाक मारावी, वहीत वार लिहून कसली दोस्ती, असे पुष्कळांना वाटते. गाव लहान होते, सगळे एका घड्याळावर जगत होते, तेव्हा हे खरे असेल. वारकरी मात्र मन झाले म्हणून निघत नाही. एकादशी आली म्हणून निघतो, आणि त्यामुळे त्याची भक्ती खोटी ठरत नाही. गावोगावच्या गुरुवारच्या भजनातही प्रत्येक गुरुवारी भाव दाटून येतो असे नाही. पेटी, टाळ आणि माणसे मात्र येतात. रायगड कबड्डीचा जिल्हा आहे, इथल्या गावांतून कितीतरी चांगले खेळाडू निघाले. पण कबड्डीतली मैत्री गुडघ्यांबरोबर संपत जाते. तिशी-पस्तिशीला मैदान सुटले की तेच सवंगडी वर्षातून एकदा गणपतीत भेटतात, आणि मग एखाद्याच्या दहाव्याला. मधल्या तीस वर्षांसाठी फळी लागते आणि वार लागतो.

नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात, आणि सोमवारची बैठक विस्कळीत व्हायला लागते. उधाणाच्या सोमवारी डोलकर पाण्यात असतो, रात्रपाळीच्या सोमवारी कारखान्यातला माणूस नसतो. पण कोण का नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, कारण तिथी आणि पाळी दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतात. तिघे बसतात, प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो, फळीची चौथी बाजू मोकळी राहते आणि पाळी तिच्यावरून उडी मारून पुढे जाते. भांगाच्या सोमवारीही ती बाजू मोकळी असेल, म्हणजे होडी वर आहे, पाळी दिवसाची आहे आणि तरी माणूस आला नाही, तर मात्र पहिला बोर्ड संपायच्या आत कुणीतरी विचारते. दुसऱ्या बोर्डाच्या मध्ये फोन होतो. उचलला नाही, तर सोंगट्या तशाच ठेवून एक जण चपला घालतो आणि त्याच्या घराकडे निघतो.